औषध कोंबडीला की खुराड्याला? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. "ताई, राग मानू नका" म्हणून सुरुवात केलीत, तर आधी तेच सांगते, राग नाही. तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत की खाली दोन ओळींत उत्तर टाकणं बरं वाटेना.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खुराड्यातल्या लाल माइटवर, म्हणजे कोंबड्यांचं रक्त पिणाऱ्या बारीक किड्यावर, मी मागं लिहिलं होतं: उकळतं पाणी, चुना, राख, आणि सहा दिवसांनी पुन्हा तेच सगळं. त्यावर बार्शीकडच्या या दादांचं म्हणणं असं, की हे सगळे आजीबाईचे उपाय. त्यांच्या कोंबड्यांच्या पायाला खवलं धरलं होतं, आयव्हरमेक्टिन हे किडे मारायचं औषध दिलं आणि माइट गेला. सोलापूरच्या उन्हात असला किडा टिकतच नाही, मी उगाच घाबरवते. माझा तिसरा फोटो माइटचा नाहीच, गोचिडाचा आहे. रॉकेल चोपडायला सांगणं धोक्याचं आहे. आणि जाता जाता एक टोला: "खुराडं रोज झाडलं असतं तर ही वेळ आली नसती."

फोटोचं आणि रॉकेलचं तुमचं बरोबर आहे. तो फोटो मी काल रात्रीच काढून टाकला. त्यातला किडा तुरीच्या दाण्याएवढा, चपटा, चामड्यासारख्या पाठीचा होता. तो कोंबड्यांचा गोचीड. लाल माइट जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढा. दोघंही दिवसा फटीत दडतात आणि रात्री रक्त प्यायला निघतात, त्यात माझा घोळ झाला. गोचीड आपल्या कोरड्या भागात भरपूर, आणि तो उपाशी राहून वर्षं काढतो. त्याच्यापासून कोंबड्यांना तापही येतो. त्यावर वेगळं लिहीन. रॉकेलचं म्हणाल तर आमच्या सासूबाई कोंबड्यांच्या बसायच्या दांड्यांना रॉकेलच लावायच्या, म्हणून मीही विचार न करता लिहिलं. बंद खुराड्यात रात्रभर तो वास आणि लाकडाला आगीची भीती, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. ती ओळ काढली.

आता जिथं माझं तुमच्याशी पटत नाही ते.

तुम्ही ज्याला माइट म्हणता आणि मी ज्याला माइट म्हणते, ते दोन वेगळे किडे आहेत. पायावर खवलं आणणारा माइट कोंबडीच्या कातडीत, खवल्यांच्या खाली घर करून राहतो. चोवीस तास तिच्याच अंगावर. त्याला रक्तातून जाणारं औषध गाठतं, म्हणून तुमच्या कोंबड्यांचे पाय सुधारले. लाल माइट कोंबडीवर राहतच नाही. तो राहतो लाकडात. अंधार पडला की वर चढतो, अर्धा-एक तास रक्त पितो आणि पुन्हा फटीत जाऊन बसतो. अंडीही तिथंच घालतो. म्हणजे कोंबडीला सुई दिली त्या क्षणी बहुतेक फौज घरी झोपलेली असते, आणि पुन्हा कधी प्यायला येईल तेव्हा कोंबडीच्या अंगात औषध उरलेलं असेलच असं नाही. शिवाय ते अंड्यात उतरतं. आमची अंडी शेजारची बाळंतीण खाते, नातवंडं खातात. जनावरांची सुई अंदाजानं कोंबडीला टोचायची तर डोसाचाही भरवसा नाही. एवढ्या भानगडी करून किडा दांडीत शिल्लकच.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. गेल्या श्रावणात कळलं.

आमचं खुराडं जुन्या हातमागाच्या लाकडाचं आहे. सोलापुरात हे नवल नाही. माग मोडले, लाकूड राहिलं, कुणी त्याची बाकडी केली, कुणी चुलीत घातलं, आम्ही खुराडं केलं. सागवान, पन्नास वर्षांत वाकलं नाही. पण मागाच्या लाकडाला खाचा किती, खिळ्यांची भोकं किती! बसायच्या दांड्यांची टोकं त्याच खाचांत बसवलेली. दिसायला झकास.

एक कोंबडी खुडूक झाली म्हणून तेरा अंड्यांवर बसवली होती. सोळाव्या दिवशी ती अंडी टाकून उठली. आणखी पाच दिवस काढले असते तर पिलं निघाली असती. मी तिला धरून परत बसवलं, ती परत उठली. मी तिला नावं ठेवली, खोटं कशाला सांगू. तिचा तुरा जास्वंदीसारखा लाल असायचा, तो भिजलेल्या कागदासारखा झाला होता, तरी माझ्या लक्षात आलं नाही. बाकीच्या कोंबड्याही संध्याकाळी आत जायला मागेनात, कडुनिंबावर चढून बसायच्या. आम्ही म्हटलं उकडत असेल. तेवढ्यात सासूबाईंच्या हातावर पुरळ उठलं. "अगं, रात्रीचं काहीतरी चावायलंय बघ." दवाखान्यात खरजेचं मलम मिळालं. रोज अंडी काढायला खुराड्यात हात घालणाऱ्या त्याच, हे कुणी जोडूनच पाहिलं नाही. (हा माइट माणसाला चावतो, पण माणसाच्या अंगावर वस्ती करत नाही. खुराडं साफ झालं तसं पुरळही गेलं.)

मग एका रात्री नऊ-साडेनऊला मोबाईलची बॅटरी घेऊन गेले. जुन्या पांढऱ्या चादरीचा तुकडा बोटाला गुंडाळला आणि दांडीच्या खालच्या अंगानं फिरवला. दिवसा तिथं विडीची राख झाडल्यासारखी करडी भुकटी दिसायची, मी ती धूळ समजत होते. रात्री फडक्यावर कुंकवाचं बोट ओढावं तशी रेघ उमटली. आमच्याच कोंबड्यांचं रक्त. दांडीचं टोक खाचेतून उपसलं तर आत दाणे भरल्यासारखे गच्च, आणि उजेड पडताच सगळे पळायला लागले.

तर झाडण्याचा मुद्दा. दादा, खाली तूस रोज बदलत होते, अंगण रोज झाडत होते. दांडीचं टोक कोण झाडतं? तुम्ही झाडता? युरोपात पिंजऱ्यांची मोठमोठी अंड्यांची फार्म आहेत, यंत्रानं विष्ठा उचलणारी, आणि तिथं बहुतेकांकडं हा माइट आहे. घाणीनं तो वाढत असेल, पण त्याला हवी असते फट, अंधार आणि जवळ झोपलेली कोंबडी. चिमण्या-पारव्यांची घरटी खुराड्याला लागून असली की तिथूनही येतो. आमच्याकडं कुठून आला ते सांगता येत नाही, पण त्याच महिन्यात बाजारातून दोन तलंगा आणून थेट आत सोडल्या होत्या. आता नवीन पाखरू आणलं की आधी दोन आठवडे वेगळ्या डालग्यात.

उन्हाचं तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि ते मला आवडलंही. 45 अंशांच्या वर हा किडा खरंच मरतो. युरोपात काही ठिकाणी रिकामं शेड मुद्दाम तेवढं तापवून माइट मारतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा 43-44 ला जातो, म्हणजे देव एक-दोन अंशांवर येऊन थांबतो म्हणा! पण तो पारा हवेचा. खुराडं असतं कडुनिंबाच्या सावलीत, वर कडब्याचं आच्छादन, आणि दोन इंच सागवानाच्या पोटात हवेइतकंसुद्धा तापत नाही. उन्हाळ्यात तो कमी होतो, संपत नाही. गारव्याच्या जागी तर रक्ताचा थेंब न मिळता तो कित्येक महिने काढतो, म्हणून "खुराडं दोन महिने रिकामं ठेवा" या सल्ल्यावरही फार विसंबू नका. पाऊस पडला, हवा दमट झाली, पंचवीस-तीस अंशांवर आली, की अंड्यापासून पूर्ण वाढलेला माइट व्हायला आठवडा पुरतो. श्रावणात आमचं तेच झालं. उन्हाचा उपयोग जरूर करा, पण दांड्या, अंड्यांच्या पेट्या सुट्या करून बाहेर पत्र्यावर टाका. भर एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा काय तापतो ते सोलापूरकराला सांगायला नको.

त्या आठवड्यामुळंच "सहा दिवसांनी पुन्हा" असं मी लिहिलं होतं, त्याला तुम्ही "व्रतवैकल्य" म्हणालात. पहिल्या वेळी मी एकदाच केलं होतं. कोंबड्या पडवीत डालग्याखाली ठेवल्या, बंब पेटवला, खाचाखाचांत उकळतं पाणी ओतलं. दोन दिवस कोंबड्या खुशीत आत जायला लागल्या. आठव्या-नवव्या रात्री फडक्यावर परत रेघ. खोल खाचेतल्या अंड्यांपर्यंत पाणी पोचलंच नव्हतं. मग सहाव्या दिवसाच्या हिशेबानं आणखी तीनदा केलं, म्हणजे निघालेली पिलावळ अंडी घालायच्या आत सापडते. फटी पुट्टीनं बुजवून वर चुना मारला. खाचेतल्या दांड्या चुलीत घातल्या (सागवान जाळताना जीव तुटला) आणि गुळगुळीत रंधलेली रीप दोन्हीकडून तारेनं टांगली, भिंतीला कुठंच टेकत नाही. तारेला वंगण. कोंबडीपर्यंत जायला त्याला आता वंगणातून जावं लागतं.

राखेला तुम्ही हसलात. कोंबड्या राखेत लोळतात ते काय खुळ्या म्हणून? कोरडी बारीक भुकटी किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर काढते आणि तो वाळून मरतो. दुकानात डायटोमेशियस अर्थ नावाची पांढरी भुकटी मिळते तिचंही काम तेच, फक्त जास्त चांगलं. दोन्ही ओली झाली की निरुपयोगी, आणि भुकटी मारताना तोंडाला फडकं बांधा, छातीत जाऊ देऊ नका. राखेनं सगळा माइट जातो असं मी कुठंही म्हटलेलं नाही, परत वाचून बघा.

तुमच्या प्रतिक्रियेखाली आणखी एकानं कुत्र्याच्या गोचिडाचं औषध खुराड्यात फवारा असं सुचवलंय. ते कृपा करून करू नका. तसल्या औषधांत बऱ्याचदा असणारं फिप्रोनिल हे कीटकनाशक 2017 साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये लाल माइटच्याच औषधात चोरून मिसळलेलं निघालं होतं, आणि लाखो अंडी बाजारातून उचलून नष्ट करावी लागली. फवारणी करायचीच असेल तर कोंबड्यांच्या डॉक्टरला विचारून, अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारून, आणि कोंबड्या बाहेर काढून. औषध मारायला माझा विरोध नाही. पाठीवरचा पंप घ्या आणि लाकडाला मारा.

आमच्याकडं आता दांडीच्या टोकाशी खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याची एक गुंडाळी बांधलेली असते. माइटला ती फट वाटते, आत जाऊन बसतो. दर रविवारी ती काढून बंबात टाकते आणि नवी बांधते. गेल्या रविवारी उलगडून पाहिली, चार सापडले. चारशे नव्हेत, चारच. ती अंडी सोडून उठलेली कोंबडी या दिवाळीनंतर पुन्हा बसली होती. तेरातली अकरा निघाली.

तुम्ही एवढं करा. आज रात्री जेवणं झाल्यावर पांढरं फडकं घेऊन तुमच्या दांडीखालून फिरवा, टोकापासून सुरुवात करा. आणि तुमच्या दांड्या भिंतीत रुतलेल्या आहेत की लटकत्या, तेवढं कळवा.