वायरीला पैसे आहेत, कुलपाला नाहीत

मंडळी, मी अमेरिकेतल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळांच्या गटाचं, नेटवर्क सांभाळतो. काही वर्षांपूर्वी एका सोमवारी पहाटे फोन आला. ऑफिसात पोचलो तर प्रिंटरमधून एकामागून एक कागद बाहेर पडत होते आणि सगळ्यांवर एकच मजकूर: तुमच्या फायली आमच्या ताब्यात आहेत, पैसे द्या. हजेरी, मार्क, दुपारी कुठल्या मुलाला न्यायला कोण येणार त्याची यादी, सगळं बंद. शाळेच्या नर्सबाई कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाचा इन्हेलर कुठे ठेवलाय, ते आठवून आठवून वहीत उतरवत होत्या. लिहिताना त्यांचा हात थरथरत होता.

त्या इमारतीतलं इंटरनेट मात्र उत्तम होतं. ते ई-रेटच्या पैशातून आलेलं. १९९६च्या दूरसंचार कायद्यातून निघालेली ही योजना. टेलिफोन कंपन्यांकडून जमा होणाऱ्या निधीतून शाळांना आणि वाचनालयांना इंटरनेटच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत मिळते. मुलं जितकी गरीब घरांतली, तितकी ती जास्त. आडगावच्या शाळांत फायबर पोचलं त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानं हा निधी घटनेला धरूनच आहे असा निकाल दिला, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

पण याच योजनेतून फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या घुसखोरांना नेटवर्कच्या दारातच अडवणारी यंत्रणा, मिळते ती साधी. प्रगत फायरवॉल, पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, लॅपटॉपवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर, मध्यरात्री अलार्म वाजला तर उठून बघणारा माणूस, यातलं काहीच तिच्यात बसत नाही. त्यासाठी एफसीसीनं, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेनं, २०२४ साली वेगळा पथदर्शी कार्यक्रम मंजूर केला: तीन वर्षांसाठी २० कोटी डॉलर. अर्ज आले २,७३४ आणि मागणी ३७० कोटींची! निवड झाली सातशेच्या आसपास अर्जदारांची. उरलेल्यांनी काय करायचं?

२०२२ साली लॉस एंजेलिसच्या शाळांवर हल्ला झाला. खंडणी दिली नाही, तर चोरलेला डेटा इंटरनेटवर टाकला गेला. पुढच्याच वर्षी मिनियापोलिसमध्ये दहा लाख डॉलर मागितले आणि नंतर मुलांच्या अत्यंत खाजगी फायली उघड्यावर आणल्या. क्रेडिट कार्ड चोरीला गेलं तर दुसरं मिळतं. समुपदेशकाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट एकदा बाहेर गेली की ती त्या मुलीला कोण परत आणून देणार?

माझं म्हणणं एवढंच, की सुरक्षेचा खर्च नेहमीच्या ई-रेटमध्येच घ्या. वायर टाकायला सरकार पैसे देतं, तर त्या वायरीवरून येणाऱ्या चोराला अडवायची जबाबदारीही त्याच पैशात धरली पाहिजे. लहान डिस्ट्रिक्टमध्ये हे सगळं बघायला अनेकदा एकच माणूस असतो, आणि तोच प्रोजेक्टरही दुरुस्त करतो.

इथे ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी स्कूल बोर्डाच्या पुढच्या मीटिंगला जरूर जा. दोनच प्रश्न विचारा: सगळ्या कर्मचाऱ्यांच्या लॉगिनला दुसरी पडताळणी आहे का, आणि बॅकअपवरून डेटा परत आणून शेवटचं कधी पाहिलं होतं? उत्तर द्यायला वेळ लागला तर तिथेच बजेटचा विषय काढा.