नंबर येईपर्यंत सही कुणाची?

बीएस्सी नर्सिंग आणि जीएनएमचे (नर्सिंगच्या डिप्लोमाचे) रिझल्ट लागले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत पहिला प्रश्न येतो, "पास झाली की, आता ड्युटी कधी?" त्याच आठवड्यात एखाद्या नर्सिंग होममधून फोनही येतो, "पाठवून द्या, नंबर नंतर बघू." नंबर म्हणजे नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. हे "नंतर बघू" कधी काही आठवडे चालतं, कधी काही महिने. त्या काळात ती मुलगी कागदोपत्री विद्यार्थिनी नसते आणि नोंदणीकृत नर्सही नसते.

मोठा गोंधळ "प्रोव्हिजनल" या शब्दाने होतो. एमबीबीएसच्या मुलांना इंटर्नशिपसाठी मेडिकल कौन्सिलचं प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन मिळतं. तो परवानाच असतो, मर्यादित असला तरी. आपल्या मुलींच्या हातात असतं ते प्रोव्हिजनल डिग्री सर्टिफिकेट. तो विद्यापीठाचा कागद. तुम्ही पास झालात एवढंच तो सांगतो. रुग्णाला सुई टोचायची मुभा विद्यापीठ देत नाही, ती बेंगळुरूची राज्य नर्सिंग कौन्सिल देते. हॉस्पिटलच्या एचआरला हा फरक चांगला कळतो. पालकांना कळत नाही, म्हणून इथे लिहायचं.

माझं मत सरळ आहे. रिझल्ट लागल्यावर कौन्सिलने लगेच मुदतीचा, अटी लिहिलेला तात्पुरता परवाना द्यावा. "परवाना दिला तर हॉस्पिटलं कच्च्या मुली कामाला लावतील" असं म्हणणाऱ्या सीनियर सिस्टर भरपूर आहेत. अहो, लावलेल्या आहेतच. फक्त औषधाच्या चार्टवर सही इन्चार्ज सिस्टरची आणि हात नव्या मुलीचा. चूक झाली की सही करणारी म्हणते मी दिलं नाही, आणि देणारीचं नाव कुठेच नसतं.

कच्च्या हाताची चूक कशी असते ते इन्सुलिनवरून सांगतो. आपल्याकडे व्हायल (औषधाच्या बाटल्या) दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० ची आणि केशरी टोपणाची १०० ची. १०० ची व्हायल आणि लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी जमली आणि १० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, की सिरिंजमध्ये येतात २५ युनिट. अडीचपट! उलटी जोडी झाली तर १० च्या जागी फक्त ४. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची, १५ टक्क्यांची अँप्यूल तर दिसायला साधी, पण त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची एका मिलीत १००० युनिटची व्हायल आणि ५००० ची व्हायल ट्रेमध्ये शेजारी पडलेली असते. हे सगळं पुस्तकात असतंच. रात्री तीन वाजता, वॉर्डात एकटी असताना, ते हातात यायला काही महिने लागतात, आणि ते महिने कुणाच्या तरी नजरेखालीच जायला हवेत.

म्हणून परवान्यावरच छापलेलं हवं. हाय अलर्ट औषधं, म्हणजे चूक झाली तर जिवावर बेतणारी, दुसऱ्या नोंदणीकृत नर्सने तपासून सही केल्याशिवाय द्यायची नाहीत. रक्त चढवताना पिशवी आणि रुग्ण दोघींनी पडताळायचे, आणि पहिली १५ मिनिटं सीनियर बेडजवळ. फोनवरची तोंडी ऑर्डर घ्यायची नाही. नार्कोटिकच्या (मॉर्फिनसारख्या औषधांच्या) कपाटाची किल्ली द्यायची नाही. नाइटला एकटी नाही, आयसीयूत स्वतंत्र बेड नाही. देखरेख करणाऱ्या सिस्टरचं नाव आणि तिचा नोंदणी नंबर परवान्याच्या मागे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिला वॉर्डाच्या नर्सांच्या संख्येत धरायचं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात टीचिंग हॉस्पिटलच्या सामान्य वॉर्डात ३ रुग्णांमागे एक नर्स, इतरत्र ५ मागे एक, आयसीयूत एकाला एक. तात्पुरत्या परवान्यावरची मुलगी या हिशेबात धरली, की त्याच दिवशी एक पूर्ण पगाराची जागा कमी होणार. परवाना मुदत न वाढणारा हवा, तोही याचसाठी. न्यूयॉर्क राज्यात नव्या नर्सला असा लिमिटेड परमिट मिळतो. मुदत एक वर्ष, पण लायसन्सच्या परीक्षेत नापास झाल्याची सूचना आली की १० दिवसांत तो संपतो. काम नोंदणीकृत नर्सच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. त्यांच्याकडे अडथळा परीक्षेचा, आपल्याकडे कागदांचा. त्यामुळे आपल्याला एवढी लांब मुदत कशाला? सहा महिने पुरेत, तेवढ्यात कौन्सिलने फाइल हातावेगळी करायची.

आता कागद अडतो कुठे? नावात. सीमाभागात हे दुखणं जरा जास्तच आहे. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर नाव आणि पुढे वडिलांचं आद्याक्षर, पीयूसीला (बारावीला) आडनाव आधी, आधारवर वडिलांचं पूर्ण नाव. त्यात इंग्रजी स्पेलिंग, एका ठिकाणी "व्ही", दुसऱ्या ठिकाणी "डब्ल्यू", कारण एकाने मराठी ऐकून लिहिलं, दुसऱ्याने कन्नडवरून. देशपातळीवरचा नर्सांचा एनयूआयडी क्रमांक आधारला जोडलेला आहे. एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येऊ शकतो. एसएसएलसीतली दुरुस्ती वेळखाऊ, आधारची त्यामानाने सोपी. म्हणून शेवटच्या वर्षाचा परीक्षा फॉर्म भरण्याआधीच आधार एसएसएलसीप्रमाणे करून घ्या आणि विद्यापीठाच्या नोंदीतलं नावही तेच आहे का ते बघा. लग्न ठरलं असेल तर नाव बदलायची घाई नोंदणी होईपर्यंत नको.

दुसरी अडचण हद्दीची. कागवाड-अथणीच्या मुलीला मिरज जवळ, निपाणीच्या मुलीला कोल्हापूर, खानापूरच्या काही गावांना चंदगड. तिथे नोकरी करायची तर आधी कर्नाटकात नंबर, मग कर्नाटक कौन्सिलकडून पडताळणी आणि ना हरकत, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. म्हणजे थांबणं दोनदा. २०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाच्या कायद्यात देशभराच्या रजिस्टरची तरतूद आहे. तात्पुरता परवाना त्याच रजिस्टरवर टाकला आणि त्यावर क्यूआर कोड दिला, तर कोल्हापूरची मेट्रनही तो मोबाइलवर तपासू शकेल. बेळगावहून बेंगळुरू सुमारे ५०० किलोमीटर. सही-शिक्क्यासाठी रात्रीची गाडी पकडायला लावणं आता पुरे.

तोवर ज्या मुली थांबल्या आहेत त्यांनी एवढं करा. नेमणुकीच्या पत्रात "स्टाफ नर्स" लिहिलं असेल आणि नोंदणी क्रमांकाची जागा कोरी असेल, तर सही करू नका. "ट्रेनी, देखरेखीखाली" असं लिहून घ्या, आणि नंबर आला की कोणत्या तारखेपासून पगार आणि पद बदलणार तेही. सरकारी भरतीत आणि परदेशाच्या अर्जात नंबर नसतानाचा अनुभव बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यामुळे "अनुभव मिळतोय की" म्हणून कमी पगारात वर्ष घालवण्यात अर्थ नाही. तुम्ही न दिलेल्या औषधापुढे सही करू नका, आणि तुम्ही दिलेल्या औषधापुढे दुसरीला करू देऊ नका. मूळ मार्क्स कार्ड "ठेवून द्या, नंतर देतो" म्हणाले तर झेरॉक्स द्या. मूळ कागद कौन्सिलच्या पडताळणीला तुमच्याच हातात लागणार आहेत.