"काळ्या पडद्यावर काय सिद्ध करायचंय?" या प्रतिक्रियेला उत्तर

नाव टाकलेलं नाही म्हणून दादाच म्हणतो. दादा, व्हिजिडेटा (टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर, नुसत्या कीबोर्डवर तक्ते चाळायचं साधन) यावरच्या माझ्या लेखात पिव्होटसाठी, म्हणजे ओळींचा उभा-आडवा गोषवारा काढायला, छोटा डब्ल्यू लिहिला गेला, तो शिफ्ट धरून मोठा हवा, हे तुमचं एकदम बरोबर. दुरुस्त केलं, आभार.

पण "एक्सेलमध्ये दोन क्लिकचं काम टर्मिनलवर करून काय सिद्ध करायचंय" हा प्रश्न आहे की टोमणा? विचारायचंच होतं तर नीट विचारायचं ना. अहो, अकरा गळीत हंगाम मी एका साखर कारखान्यात वजनकाट्याच्या पावत्यांचा डेटा सांभाळलाय. सर्व्हरवर एक्सेल नाही, लॉगिन फक्त पुटीतून (दूरच्या सर्व्हरचं टर्मिनल उघडणारा प्रोग्राम), आणि फाईल खाली उतरवायची तर नेट असं की चहा पिऊन, गव्हाणीपर्यंत फेरी मारून आलं तरी निम्मीच.

तिथे व्हिजिडेटात गावाच्या कॉलमवर उद्गारचिन्ह दाबलं की तो की कॉलम, म्हणजे ज्यावरून गट पडतात तो, टनाच्या कॉलमवर टक्क्याचं चिन्ह म्हणजे दशांश आकडा, मग अधिक दाबून सम, म्हणजे बेरीज, आणि पंधरवड्याच्या कॉलमवर जाऊन शिफ्ट डब्ल्यू. गावं उभी, पंधरवडे आडवे. एका गावाचा एकच चौकोन भलताच फुगलेला दिसला, त्यावर झेड आणि एंटर दाबलं तर त्या चौकोनामागच्या तेवढ्याच पावत्या समोर, एकाच ट्रॅक्टरची पावती दोनदा चढलेली! एक्सेलमध्येही डबल क्लिक केलं की ओळी दिसतात, माहितीय मला, शिकवू नका. पण त्या रात्री एक्सेल होतं कुठे? शेतकऱ्याचं बिल सकाळी निघणार होतं, तेव्हा मी काही सिद्ध करत नव्हतो.

तुमच्या बाकीच्या तक्रारींचं थोडक्यात. व्हिजिडेटा २० लाख ओळींना अडखळतं, हो, सगळं मेमरीत घेतं, पायथॉन भाषेतलं आहे ते. तुमचं एक्सेल शीटवर १०,४८,५७६ च्या पुढे ओळच घेत नाही हे सोयीस्कर विसरलात. तारीख आपोआप ओळखत नाही? नाहीच ओळखत, त्या कॉलमवर ॲटचं चिन्ह (@) दाबायचं. एक्सेलच्या आपोआप ओळखण्याच्या हौसेपायी, नावाची १ सप्टेंबर ही तारीख करून टाकायचं म्हणून, सेप्ट१ सारख्या जीन्सची नावं २०२० मध्ये बदलावी लागली, शोधून बघा.

आणि "शायनिंग" हा शब्द माझ्या ब्लॉगवर परत नको.