'नक्कल' नव्हे, सर: आघाताबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. लांब इंग्रजी शब्द फोडून वाचण्यावरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या '-इक', '-इक्स'च्या आधीच्या सिलॅबलवर (शब्दाच्या एका दमात म्हणायच्या तुकड्यावर) आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, येतो हा नियम 'पॉलिटिक्स'ला लागत नाही. आणि मराठी शाळेतल्या मुलांना आघात शिकवणं म्हणजे गोऱ्यांची नक्कल.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. 'पॉलिटिक्स'मध्ये जोर 'पॉ'वरच आहे. अंकगणित या अर्थाचा 'अरिथ्मेटिक'ही नियम मोडतो, तिथे जोर 'रिथ्'वर. हे अपवाद मी द्यायलाच हवे होते, आज लेखात घातले. पण 'सायंटिफिक', 'इकॉनॉमिक', 'फँटॅस्टिक' नियमात चोख बसतात, त्यामुळे नियम ठेवतेय.

नक्कल मात्र मला पटत नाही. 'लॅबोरेटरी' घ्या. ब्रिटिश माणूस 'बॉ'वर जोर देतो, अमेरिकन 'लॅ'वर. मग नक्कल कोणाची? आघात मात्र दोघांनाही चुकत नाही, कारण ऐकणारा शब्द ओळखतो तो बराचसा त्यावरूनच. मराठीत आपण प्रत्येक स्वर नीट उच्चारतो. इंग्रजीत आघाताचं सिलॅबल ठसठशीत होतं आणि आजूबाजूचे स्वर बरेचदा पुसट 'अ'वर येतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर. 'फोटोग्राफी' म्हणताना तो पुढे सरकतो आणि शब्द होतो फ-टॉ-ग्र-फी. मघाचा 'फो' आता नुसता 'फ' उरला! मराठी बोलताना आपण 'फोटोग्राफी' म्हणतो ते बरोबरच आहे. पण इंग्रजी ऐकताना हा 'फटॉग्रफी' मुलांना ओळखूच येत नाही, आणि मग ती समजतात की आपलंच इंग्रजी कच्चं. याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्याकडे आठवीतली एक मुलगी 'युनिव्हर्सिटी'पाशी दर वेळी अडायची. तिला म्हटलं, हनुवटीखाली तळहात धर आणि सावकाश म्हण. हनुवटी खाली आली की एक सिलॅबल. यु-नि-व्हर्-सि-टी. पाच. मग 'व्हर्'वर टेबलावर थाप मारायला लावली. चार-पाच वेळा झालं आणि शब्द सुटला. दुसऱ्या दिवशी तिने वहीत स्वतःहून दोन शब्द फोडून आणले: इ-लेक्-ट्रिक, आणि त्याखाली इ-लेक्-ट्रि-सि-टी. पहिल्यात 'लेक्'खाली रेघ, दुसऱ्यात 'ट्रि'खाली. म्हणाली, "बाई, 'टी' लागल्यावर जोर पुढे पळाला."

तुमच्याकडे आणखी अपवाद असतील तर जरूर लिहा, सर. वर्गात घेईन.