घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा चव्वेचाळीसच्या आसपास असताना, माझ्या थोरल्या वहिनी दुपारी चार वाजता फवारणीचा रेनकोट अंगात घालून पांदणीने चालायला निघाल्या. अर्ध्या तासाने शेजारच्या शेतातल्या माणसाने त्यांना धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसलेले पाहिले; त्यांना भोवळ आली होती, जीभ कोरडी पडली होती आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर धड देता येत नव्हते. घरी आणून ओले कापड गुंडाळले, पंख्याखाली बसवले, शुद्ध नीट आल्यावर मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले, तेव्हा निभावले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोबाईल दाखवला. आमच्या गावातल्या महिलांच्या गटावर आणि नात्यातल्या निदान तीन गटांवर एकच संदेश फिरत होता: ‘२१ दिवसांत १२ किलो वजन कमी करा’.

तो संदेश थोडक्यात असा आहे. घाम ही वितळलेली चरबी असते, म्हणून रेनकोट घालून किंवा पोटाला प्लास्टिक गुंडाळून चालावे आणि चालण्याच्या आधी व नंतर एक तास पाणी पिऊ नये. पोट उतरवण्यासाठी रोज पोटाचे २०० व्यायाम करावेत. भात आणि पोळी बंद करून भाकर हवी तेवढी खावी. रात्रीचे जेवण सोडून लिंबू-मधाचे गरम पाणी प्यावे. शेतातले आणि घरातले काम व्यायामात धरू नये. साखर आणि तळलेले पदार्थ सोडावेत. यातला शेवटचा सल्ला योग्य आहे, इतर काही गोष्टींत थोडेफार तथ्यही आहे; पण पहिला सल्ला आमच्या विदर्भात माणसाचा जीव घेऊ शकतो, म्हणून सर्वांत जास्त मला त्याच्याबद्दलच लिहायचे आहे.

वहिनींचा प्रश्न साधा होता. “भाऊजी, घाम तर धो-धो येऊन राहिला होता, आन् किराणा दुकानातल्या काट्यावर सातशे ग्रॅम कमी बी भरलं. मंग चरबी नाही तर काय गेलं?” भोवळ आली त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी चालण्याच्या आधी आणि नंतर वजन करून पाहिले होते, आणि काटा खोटे बोलत नव्हता. गेले ते पाणी होते. रात्री जेवून, पाणी पिऊन झोपल्यावर सकाळी तेच वजन पुन्हा काट्यावर आले, हेही त्यांनीच सांगितले. सातशे ग्रॅम चरबी जाळायची तर शरीराला साधारण ५,४०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च करावी लागेल. ७० किलोच्या बाईला तासभर बऱ्यापैकी वेगाने चालून अडीचशेच्या आसपास खर्च होतात. म्हणजे काट्यावर दिसलेली घट चरबीची असती, तर वहिनी त्या अर्ध्या-पाऊण तासात साडेएकवीस तासांचे चालणे चालल्या असत्या.

मग चरबी जाते तरी कुठे? या प्रश्नाचे नेमके उत्तर २०१४ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोन ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हिशेब मांडून दिले आहे. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम शिकवणारे यांनाही हाच प्रश्न विचारला होता आणि त्यांतल्या बहुतेकांना उत्तर देता आले नव्हते, त्यामुळे संदेश लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हते यात नवल नाही. १० किलो चरबी शरीरात पूर्ण जळते तेव्हा तिच्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेली १.६ किलो पाणी होते. आपल्याकडे चुलीत पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, भारा जळतो आणि खाली ओंजळभर राख उरते. बाकीचा भारा कुठे गेला असे कोणी विचारत नाही, कारण तो हवेत गेला हे सगळ्यांना माहीत आहे. चरबीचे तसेच आहे, फक्त तिची राख उरत नाही आणि धूर नाकातोंडातून निघतो. याचा अर्थ जोरजोरात श्वास घेतल्याने वजन उतरेल असा मात्र नाही, हे त्या संशोधकांनीच लिहून ठेवले आहे: शरीराने आधी चरबी जाळली पाहिजे, नुसता श्वास वाढवला तर चक्कर येते. त्या जळण्यातून तयार होणारे थोडे पाणी लघवी, श्वास, घाम अशा कोणत्याही वाटेने बाहेर पडते. पण घाम किती आला यावरून चरबी किती जळली हे मोजता येत नाही. मे महिन्यात ओसरीवर नुसते बसलेल्या माणसालाही घाम येतो, आणि डिसेंबरच्या पहाटे तासभर झपझप चालणाऱ्याला थेंबभर येतो. चरबी मात्र त्या चालणाऱ्याचीच अधिक जळलेली असते.

घामाचे काम शरीर थंड ठेवण्याचे आहे, आणि ते कसे चालते हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण आपल्या प्रत्येक घरी उन्हाळ्यात कूलर चालतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडते, कोरडी हवा त्यातून जाते, पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण सुकतो तेव्हा तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून काढून नेतो. आता त्या ताट्यांवर प्लास्टिक बांधून पाहा. मोटर चालू राहील, पाणी पडत राहील आणि घर मात्र तापत जाईल. रेनकोट घातलेल्या शरीराचे हेच होते: आतली हवा काही मिनिटांत ओलीचिंब होते, घाम गळतो पण सुकत नाही, आणि आतली उष्णता आतच साठते. मग शरीर आणखी घाम गाळते, अंगातले पाणी कमी होते, रक्ताचे प्रमाण घटते, हृदयाचे ठोके वाढतात, आणि अशा वेळी तासभर पाणी पिऊ नका असे हा संदेश सांगतो. शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात असतो आणि त्यात मेंदू, मूत्रपिंडे व यकृत यांना इजा होऊन मृत्यू येऊ शकतो. वहिनींना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते, ही खूण मला अजून अस्वस्थ करते. खरे तर त्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणण्याऐवजी थेट दवाखान्यात न्यायला हवे होते.

हे भय पोकळ नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती खेळणारे तीन तरुण मल्ल वजनी गटात बसण्यासाठी हवाबंद सूट घालून, गरम खोलीत व्यायाम करून आणि पाणी तोडून वजन उतरवताना साधारण महिनाभरात मरण पावले. ते विशीच्या आसपासचे, तालमीत घडलेले खेळाडू होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने असे सूट वापरण्यास बंदी घातली. जी गोष्ट थंडीच्या दिवसांत पोलादी शरीराच्या मुलांना झेपली नाही, ती चंद्रपूर, ब्रह्मपुरी, यवतमाळकडच्या मे महिन्यात पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने करावी असे लिहिणाऱ्याने आपण कोणाला लिहितो आहोत याचा क्षणभरही विचार केलेला नाही.

त्यात वहिनींनी घातलेला रेनकोट फवारणीचा होता. आमच्याकडे बहुतेक घरी रेनकोट म्हणजे तोच असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि कीटकनाशक केवळ नाकातोंडातून नव्हे तर कातडीतूनही शरीरात जाते हे तेव्हा प्रत्येक गावाने ऐकले आहे. गरम आणि घामाने भिजलेल्या कातडीतून ते अधिक सहज जाते. मागच्या हंगामातली फवारणी ज्याच्या अस्तरावर बसली आहे, तो कपडा घालून घाम गाळणे याहून वाईट कल्पना मला सुचत नाही.

बाकीच्या मुद्द्यांना इतका वेळ देण्याचे कारण नाही. २१ दिवसांत १२ किलो हा आकडाच हिशेबात बसत नाही. एक किलो शरीरचरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. १२ किलोच्या ९२,४०० झाल्या, म्हणजे दिवसाला ४,४०० ची तूट. वहिनींच्या वयाच्या आणि बांध्याच्या बाईचा दिवसाचा एकूण खर्च दोन हजारांच्या आसपास असतो, त्यामुळे २१ दिवस अन्नाचा कणही न खाता ही तूट निम्मीसुद्धा होत नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानते आणि वजन उतरवतानाही दिवसाचा आहार १,००० किलोकॅलरींच्या खाली नेऊ नये असे सांगते. त्या हिशेबाने २१ दिवसांचे दीड किलो होतात.

पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात. त्यावरची चरबी तिथूनच निवडून जळत नाही. टेनिसपटूंचा एकच हात वर्षानुवर्षे राबतो, तरी दोन्ही हातांच्या कातडीखालच्या चरबीची जाडी सारखीच असते, हे १९७१ साली मोजून पाहिलेले आहे.

भाकरीचा मुद्दा मला मनापासून खरा ठरायला हवा होता, कारण आमच्या घरात ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि जवसाची चटणी हेच जेवण आहे. पण १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ३३४ किलोकॅलरी असतात आणि चाळणीतून कोंडा न काढलेल्या १०० ग्रॅम कणकेत ३२०. तंतूही दोन्हींत दहा-अकरा ग्रॅमच्या घरात असतात. भाकर जाड असते, लवकर पोट भरते, तिला पोळीसारखे तेल लावत नाहीत, एवढे तिचे श्रेय मी देईन. मात्र ‘हवी तेवढी’ खाल्ली तर तीही वजन वाढवते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या माणसाला तर भात बंद करा म्हणजे जेवणच बंद करा असे सांगण्यासारखे आहे. त्याने भात मोजून घ्यावा आणि ताटात वरण, उसळ, भाजी वाढवावी.

रात्रीचे जेवण सोडण्याबद्दल मात्र पुन्हा थांबावे लागते. रात्री लवकर आणि हलके जेवावे यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण वहिनींना मधुमेह आहे आणि त्या ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. गोळी घेतली आणि जेवण टाळले तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते, आणि ते झोपेत घडले तर घरच्यांना कळतही नाही. गोळी चालू असलेल्या माणसाने जेवणात किंवा व्यायामात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळीचे प्रमाण ठरवून घेतले पाहिजे, आणि स्वतःच्या मनाने गोळी बंदही करू नये. लिंबू-मधाच्या पाण्यातला मध हा तर साखरच आहे. एका मोठ्या चमच्यात साठेक किलोकॅलरी असतात. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आमच्या घराघरांत बाई आधीच सर्वांत शेवटी, उरलेल्यावर जेवते. तिला वजनाच्या नावाने एक जेवण सोडायला सांगणे मला सहन होत नाही.

शेतातले काम व्यायामात धरू नये, हे वाक्य वाचून मला रागच आला. निंदण, कापूस वेचणी, सोयाबीनची काढणी करणाऱ्या बाईचे शरीर दिवसभर राबते आणि त्या कष्टाला ऊर्जा लागतेच. तरी इथे एक कबुली द्यावी लागते. तणनाशक आल्यापासून निंदणाचे दिवस घटले, मळणी यंत्राने होते, आणि वेचणी संपल्यावर मार्च ते मे या काळात अनेकींना शेतात फारसे कामच उरत नाही. काम घटते आणि ताट तेवढेच राहते. वहिनींचे वजन गेल्या काही वर्षांत असेच वाढले. अशा महिन्यांत चालणे मुद्दाम ठरवून करावे लागते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम सुचवते. त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि भिंतीला हात लावून जोर काढणे एवढ्याने सुरुवात होते.

आणि संदेशातला साखरेचा व तळणाचा सल्ला मी मान्य केलाच आहे, फक्त तो आणखी पुढे न्यायला हवा होता. आम्ही घरातले तेल मोजले तेव्हा चौघांना महिन्याला ५ किलो लागत होते, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम. पोषण संस्थेच्या २,००० किलोकॅलरींच्या ताटात तेल-तूप २७ ग्रॅम धरलेले आहे. हा १५ ग्रॅमचा फरक एकटाच १३५ किलोकॅलरींचा होतो. चहा वहिनी दिवसातून सहा वेळा पीत होत्या, दर कपात दोन चमचे साखर. त्या साखरेच्या २४० झाल्या. या दोन गोष्टींतच इतके सापडते की रेनकोटाकडे पाहण्याची वेळ येत नाही. त्यांनी आता तेलासाठी वेगळी बरणी केली आहे, आठवड्याचे तेल त्यातच काढतात आणि बरणी संपली की पुढच्या सोमवारपर्यंत फोडणी आखडती घेतात. चहा तीन कपांवर आला आहे, बिनसाखरेचा अजून त्यांना जात नाही. चालायला पहाटे साडेपाचला निघतात, सुती साडीत, पाण्याची बाटली घेऊन, आणि शेजारच्या काकूंना सोबत घेतात. रेनकोट मी धुऊन फवारणीच्या सामानासोबत गोठ्यामागच्या खोलीत टांगला आहे.