फवारणीचं विष जीवाणूंच्या ताकानं उतरत नाही

काल रात्री धाकट्या भावानं पांढरकवड्याकडून एक व्हॉट्सॲप मेसेज पाठवला. खाली विचारलं, "दादा, आणून ठेवू का?" मेसेज म्हणतो, विष खाणाऱ्या जीवाणूंचं द्रावण वावरात टाका, कीटकनाशक एका रात्रीत साफ. विहिरीत टाका, फ्लोराईड गायब. उकिरड्यावर टाका, प्लास्टिक विरघळतं. आणि फवारताना विष चढलं तर झाकणभर ताकातून घ्या, दवाखान्याची गरज नाही.

हे शेवटचं वाचून झोप उडाली. भावाचा पंप गळतो, पाठीवरचा सदरा भिजतो, नोझल तुंबलं की तो तोंडानं फुंकतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली, ते इतक्यात विसरलो का आपण? प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं कातडीतूनही अंगात जातात आणि मज्जातंतूंचं काम सांभाळणारं एन्झाइम बंद पाडतात. लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती भरून येते, श्वास अडकतो. हे सगळं काही तासांत. विष रक्तात असतं, ताक पोटात. तिथं जीवाणू काय करणार? त्यावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन लागतं, कधी व्हेंटिलेटरही. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला ताक पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. हा मेसेज माणूस मारेल.

वावराचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. सेतुनाथन आणि योशिदा या शास्त्रज्ञांनी 1973 साली फिलिपिन्सच्या भातखाचरातला एक जीवाणू दाखवला, तो डायझिनॉन आणि पॅराथिऑन ही त्याच ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं तोडतो. पण तो जीवाणू खाचरातच वाढलेला होता. जमिनीत हे काम ओल, ऊब आणि सेंद्रिय कर्ब बघून चालतं, दिवस-आठवडे घेतं. एका रात्रीत नाही.

फ्लोराईडचं तर बोलूच नका. फ्लोराईडमधलं फ्लोरिन हे मूलद्रव्य आहे, ते तोडून संपवता येत नाही. प्लास्टिक खाणारा जपानी जीवाणू खरा आहे, 2016 साली जाहीर झाला. पण तो पाण्याच्या बाटलीचं पीईटी खातो, तेही पातळ फिल्म संपवायला सहा आठवडे घेतले. आपल्या उकिरड्यावरच्या पन्न्या पॉलिथिनच्या असतात.

भावाला सकाळी फोनवर सांगितलं: मळमळलं, डोळ्यांपुढं अंधुक झालं की फवारणी थांबव, कपडे काढून साबणानं अंग धू, फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घे आणि थेट सरकारी दवाखाना गाठ.