कुर्ल्याला उशिरा पोचलेली ओली पुस्तकं: आमचं उत्तर

नमस्कार मॅडम. मंगळवारी संध्याकाळी आमच्या परळच्या कुरिअर काउंटरवर बुक केलेली शाळेची पुस्तकं कुर्ला पश्चिमेला थेट शनिवारी पोचली, खोका खालून उघडलेला होता, आणि मधल्या दिवसांत मोबाईलवर तीनदा ‘आउट फॉर डिलिव्हरी’ आणि एकदा ‘घर बंद’ आलं, असं तुम्ही लिहिलंय. घरात माणसं असताना ‘घर बंद’ ही नोंद खोटी होती. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

‘आउट फॉर डिलिव्हरी’ हा शेरा पार्सल सकाळी रनशीटवर, म्हणजे त्या दिवशी वाटायच्या पार्सलांच्या यादीवर, चढलं की आपोआप पडतो. डिलिव्हरीचा मुलगा तुमच्या गल्लीत आलाय असा त्याचा अर्थ नसतो. पार्सल परत आलं तर कारण निवडल्याशिवाय रनशीट बंद होत नाही. ‘पाणी साचलं’ निवडायचं तर रस्त्याचा फोटो जोडावा लागतो. फोटो काढलेला नव्हता, म्हणून आमची माणसं ‘घर बंद’ टाकून मोकळी झाली. आता ग्राहकाला फोन लावल्याशिवाय ही नोंद काउंटर घेणार नाही.

परळहून कुर्ल्याला जायचं तर हिंदमाता, गांधी मार्केट, सायन, पुढे एलबीएस मार्ग, म्हणजे सगळे सखल भाग एकाच वाटेवर. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की समुद्राकडची नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि पाणी उतरायला ओहोटीच यावी लागते. पण सगळा दोष पावसाचा नाही. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. बुधवारी ती बाराच्या सुमारास होती, शुक्रवारी पावणेदोनच्या, आणि आमची कुर्ल्याची फेरी रोज 12 ते 3. तिन्ही दिवस ती भरतीतच सापडली. पालिकेचं भरतीचं वेळापत्रक आधी बघून तीच फेरी सकाळी 8 ला काढायला हवी होती. आता पावसाळाभर तसंच करतोय.

अर्ध्या चाकाच्या वर पाणी दिसलं तर मुलांनी मागे फिरायचं, हा नियम मात्र बदलणार नाही. सायलेन्सरमध्ये पाणी जाऊन गाडी बंद पडते ते एक वेळ चालेल, पण पाण्याखालचं उघडं मॅनहोल दिसत नाही.

खोका तीन पदरी होता. त्याचे पदर स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात, ती भिजली की सुटते, आणि पुस्तकांच्या वजनाने तळ आधी उघडतो. बुकिंगच्या वेळीच आमच्या माणसाने पाच पदरी खोका सुचवायला हवा होता. पुस्तकं आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड चिकटवून, मग खोक्यात. आणि तळाला नुसत्या मधल्या फटीवर नाही, दोन्ही कडांवरही चिकटपट्टी. पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवावी, कारण बाहेरची शाई पसरली की पार्सल गोदामातच पडून राहतं.

पुस्तकं अजून ओलसर असतील तर आजच हात घाला, दोन दिवसांत बुरशी धरते. गुळगुळीत कागदाची आधी घ्या, ती वाळताना पानं एकमेकांना चिकटतात. दर दहा-पंधरा पानांमध्ये टिश्यू पेपर घालून पंख्याखाली ठेवा, टिश्यू भिजले की बदला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. इस्त्रीही नको.

कुरिअरचे पैसे परत करतोय. जी पुस्तकं वाचवता येणार नाहीत त्यांची किंमतही देऊ. पावती आणि पुस्तकांचे फोटो काउंटरवर दाखवा. कुर्ल्याहून परळला यायला जमणार नसेल तर पावतीवरच्या नंबरवर फोटो पाठवले तरी चालतील.